नऊ वर्षांत एक पिल्लू : आफ्रिकेचा भूधनेश

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येकडील खेड्यांत आणि शेतवाड्यांवर एका पक्ष्याविषयी एक जुनी तक्रार आहे : तो खिडक्यांच्या काचा फोडतो. घर असो, शाळा असो वा अंगणात उभी केलेली मोटार असो. काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले की आपल्या हद्दीत कोणी परका घुसला आहे अशी त्याची समजूत होते आणि कुदळीसारख्या चोचीने तो त्या परक्यावर तुटून पडतो. काच फुटते, परका नाहीसा होतो आणि शेजारच्या तावदानात पुन्हा उभा राहतो. मग तेही तावदान निकालात निघते. काचेच्या खर्चाने वैतागलेल्या माणसाने बंदूक उचलल्याचे प्रकारही घडले आहेत. वरवर पाहता हा माणूस आणि पक्षी यांच्यातील किरकोळ तंटा वाटतो. परंतु या पक्ष्याच्या बाबतीत एक गोळी किती महाग पडते, हे कळण्यासाठी त्याची सारी जीवनरीत समजून घ्यावी लागते.

हा पक्षी म्हणजे दक्षिणी भूधनेश. इंग्रजीत सदर्न ग्राउंड हॉर्नबिल. धनेश मराठी वाचकाला अनोळखी नाही. मुंबई-पुण्यातील जुन्या वड-पिंपळांवर राखी धनेश अजूनही येतो, आणि कोकणाच्या दाट रानात वाफेच्या इंजिनासारखा पंखांचा आवाज करीत जाणारा महाधनेश ज्याने एकदा पाहिला तो त्याला सहसा विसरत नाही. पण आपल्याकडचे हे सारे धनेश झाडांवरचे रहिवासी आणि मुख्यतः फळांवर जगणारे. भूधनेशाने झाड सोडून जमीन धरली आणि फळे सोडून मांस धरले. जगातील साठाहून अधिक धनेशजातींपैकी आयुष्याचा दिवस असा पायी चालण्यात घालविणाऱ्या जाती दोनच, आणि दोन्ही आफ्रिकेतल्या. त्यांतील उत्तरेकडील जात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात राहते. दक्षिणी जात केनियापासून खाली टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक, बोत्स्वाना असे करीत दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतापर्यंत आढळते.

झुलू भाषेत त्याला इन्सिंगिझी म्हणतात, खोसा भाषेत इन्त्सिकिझी, तर आफ्रिकान्समध्ये त्याच्या घुमण्यावरून ब्रॉमफोएल. इतकी नावे आधीच असलेल्या या पक्ष्याचे १८२५ मध्ये शास्त्रीय बारसे झाले, तेव्हा त्याला लंडनमधील एका माणसाचे नाव मिळाले. बेंजामिन लेडबीटर हा प्राण्यांच्या कातड्यांत भुसा भरून देणारा व्यापारी. त्याच्यावरून या जातीचे नाव बुकॉर्व्हस लेडबीटेराय असे पडले. वसाहतींच्या काळातील विज्ञानाची ही तऱ्हाच होती.

काळा देह, तांबडा गळा

दुरून पाहिल्यास भूधनेश हा एखाद्या प्रचंड टर्कीसारखा दिसतो. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत त्याची लांबी ९० सेंटिमीटर ते सव्वा मीटरच्या आसपास भरते. नराचे वजन साडेतीन ते सहा किलो आणि मादीचे त्याहून कमी. आपला महाधनेश लांबीने त्याची बरोबरी करू शकतो, पण वजनात सगळ्या धनेशांमध्ये भूधनेशाचा क्रमांक पहिला लागतो. सारे अंग कोळशासारखे काळे. बसलेल्या वा चालणाऱ्या पक्ष्यात पांढऱ्या रंगाचा ठिपकाही दिसत नाही. मात्र तो पंख उघडून उडाला की टोकांची मोठी पिसे एकदम शुभ्र चमकतात, आणि प्रथमच पाहणाऱ्याला हा तोच पक्षी का असा प्रश्न पडतो.

चेहऱ्यावर आणि गळ्यावर पिसे नाहीत. तेथील उघडी कातडी भडक तांबडी असून गळ्याखाली ती पिशवीसारखी लोंबते आणि हवा भरून फुगते. मादीच्या या तांबड्या गळ्यावर निळसर जांभळा डाग असतो. नर-मादी ओळखण्याची ही सोपी खूण. पिलांचा गळा फिकट, पिवळट-करडा असतो आणि त्यावर पुरती लाली चढायला चार ते सहा वर्षे लागतात. म्हणजे रंग पाहूनच कोण वडीलधारे आणि कोण अजून उमेदवारी करीत आहे हे सांगता येते. डोळे फिकट पिवळे, आणि त्यांवर लांब, दाट, काळ्या पापण्या. या पापण्या केसांच्या नसून रूपांतरित पिसांच्या असतात. ऊन आणि धूळ यांपासून त्या डोळ्यांचे रक्षण करतात. छायाचित्रकारांना मात्र त्यांचे सौंदर्यच अधिक भावते.

चोच काळी, जाड, किंचित वाकलेली. इतर अनेक धनेशांच्या चोचीवर जे मोठे शिंगासारखे टोप असते, ते येथे चोचीच्या मुळाशी एका लहानशा उंचवट्यापुरते उरले आहे. धनेशकुळात मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जोडलेले असतात. जड चोच पेलण्यासाठी आणि ती घणासारखी चालविण्यासाठी त्याचा उपयोग होतो. भूधनेशाच्या बाबतीत तर ही चोच कुदळ, चिमटा आणि भाला अशी तिन्ही कामे करते.

चालण्याची ढब वेगळीच आहे. पाय लांब, आणि पक्षी पावले पूर्ण टेकत नाही, तर बोटांच्या टोकांवर चालतो. त्यामुळे त्याच्या चालीत काहीसा डुलता, रुबाबदार डौल येतो; काळा कोट घालून पाहणीला निघालेल्या अधिकाऱ्यासारखा. उडता येत नाही असे मुळीच नाही. धोका दिसला, ओढा ओलांडायचा असला वा रात्री झाडावर मुक्कामाला जायचे असले की तो व्यवस्थित उडतो. पण दिवसाचा बहुतेक वेळ तो चालतो, आणि रोज कित्येक किलोमीटर चालतो.

माळावरची शिकार

उजाडल्यावर गट झाडावरून उतरतो आणि पांगून, परंतु एकमेकांच्या नजरेत राहून, गवतातून पुढे सरकू लागतो. वाटेत जे हलेल ते खाद्य. नाकतोडे, भुंगेरे, विंचू, गोगलगायी, बेडूक, सरडे, उंदीर. संधी मिळाली तर कासव आणि ससाही. नाग आणि पफ ॲडर यांसारखे विषारी साप मारण्यातही हा पक्षी पटाईत आहे. सापाला एकटा भिडण्याऐवजी गटातील अनेक जण आळीपाळीने चोचीचे वार करतात आणि तो निपचित होईपर्यंत थांबत नाहीत. कोरड्या ऋतूत वरचे भक्ष्य आटले की चोचीने जमीन खणून अळ्या आणि वाळवी काढली जाते. माळाला वणवा लागला की इतर प्राणी पळतात. भूधनेश आगीच्या कडेला येऊन होरपळलेले आणि पळणारे जीव टिपतो. मेलेल्या जनावराचे मांस आणि त्यावरचे किडेही त्याला चालतात. ही शेवटची सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्याच्या नाशाचे एक मोठे कारण तिच्यातच दडलेले आहे.

त्याची जीभ आखूड असते. त्यामुळे भक्ष्य चोचीच्या टोकात पकडून, मान मागे झटकून तो ते हवेत उडवतो आणि थेट घशात झेलतो. पाणी त्याला क्वचितच लागते. खाण्यातूनच पुरेसा ओलावा मिळतो. दुपारी ऊन चढले की मात्र सारा कारभार थांबतो. काळा पिसारा ऊन शोषतो. मग गट झाडाच्या सावलीत चोची उघड्या टाकून धापा टाकीत बसून राहतो. तापमान वाढत जाणाऱ्या काळात शिकारीचे तास असे कमी होणे ही अभ्यासकांना काळजीची बाब वाटते, आणि ती रास्त आहे.

अशा रीतीने पोट भरण्यासाठी एका गटाला जी जमीन लागते, ती थक्क करणारी आहे. दक्षिण आफ्रिकेत एका गटाची हद्द सुमारे १०० चौरस किलोमीटर असते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळपास तेवढेच आहे. म्हणजे ते सगळे उद्यान भूधनेशांना देऊन टाकले तरी त्यात तीन-चार पक्ष्यांचे एकच कुटुंब नांदेल. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार १९ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. पण भूधनेशाच्या हिशेबाने पाहिले तर तेही फार मोठे नाही.

इतकी मोठी हद्द राखायची तर आवाजही तसाच हवा. पहाटे, अजून अंधूक उजेड असताना, गटातील पक्षी गळ्याच्या पिशव्या फुगवून घुमू लागतात. हा स्वर इतका खोल आणि गंभीर असतो की अनोळखी माणसाला दूर कुठेतरी सिंह गुरगुरतो आहे असे वाटते. शांत हवेत तो तीन किलोमीटरपर्यंत ऐकू जातो. नराचा स्वर खालचा, मादीचा किंचित वरचा. एकाने सुरुवात करायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे असा हा संवाद चालतो. पावशाच्या ओरडण्यात आपल्या शेतकऱ्यांना 'पेरते व्हा' ऐकू येते, तसेच तिकडच्या लोकांनीही या घुमण्याला शब्द दिले आहेत. त्यांच्या कल्पनेप्रमाणे ते नवराबायकोचे भांडण आहे. बायको पुन्हा पुन्हा म्हणते की मी चालले माहेरी. आणि नवरा जड आवाजात म्हणतो, जा, खुशाल जा. प्रत्यक्षात ती दोघे मिळून शेजारच्या कुटुंबाला हद्दीची आठवण करून देत असतात.

दुसऱ्या अंड्याचे कोडे

भूधनेश कुटुंबाने राहतो. दोन ते दहा-अकरा पक्ष्यांपर्यंतचे गट आढळतात. दक्षिण आफ्रिकेत बहुधा तीन ते पाच. गटात वीण करणारी जोडी एकच. बाकीचे पक्षी, बहुतांशी तरुण नर, हे मदतनीस. ते हद्दीचे रक्षण करतात, अंड्यांवर बसलेल्या मादीला आणि पुढे पिलाला अन्न आणून देतात, आणि स्वतः मात्र वर्षानुवर्षे वीण करीत नाहीत. अशी सहकारी पद्धत अनेक पक्ष्यांत आहे, पण ती पाळणारा जगातील सर्वांत मोठा पक्षी हाच. या मदतीला केवळ नोकरी समजणे चूक ठरेल. पिलाला काय आणि किती द्यायचे, कोणते भक्ष्य कसे मारायचे, कोरड्या वर्षी हद्दीच्या कोणत्या कोपऱ्यात जायचे, हे सारे तरुण पक्षी याच काळात शिकतात. असा अनुभव नसलेली जोडी पिल्लू वाढविण्यात बहुधा अपयशी ठरते.

घरटे मोठ्या झाडाच्या ढोलीत, क्वचित कड्याच्या कपारीत वा मातीच्या दरडीत असते. येथे आपल्या धनेशांशी असलेला ठळक फरक दिसतो. आपल्याकडे मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल यांनी दार आतून लिंपून घेते; बारीक फट तेवढी राहते आणि तिच्यातून नर तिला महिनोन्‌महिने भरवतो. भूधनेशाची मादी दार बंद करीत नाही. साप आणि माकडे यांच्याशी गाठ पडली तर प्रतिकार करण्याइतकी ती मोठी आहे, आणि बाहेर पहारा द्यायला कुटुंब असते. तिच्यासाठी एकाच चोचीत अनेक भक्ष्यांचा गठ्ठा करून आणला जातो. त्यात बेडूक, दोन नाकतोडे, सरडा आणि कधी अंथरुणासाठी वाळकी पानेही असतात.

दक्षिण आफ्रिकेत पावसाळ्याच्या सुरुवातीला, सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान, मादी बहुधा दोन अंडी घालते, पण एकदम नाही. दुसरे अंडे तीन ते पाच दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा येते. मादी मात्र पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. साहजिकच सुमारे ४० दिवसांनी पहिले पिल्लू बाहेर येते, आणि दुसरे बाहेर पडेपर्यंत थोरले चांगले वाढलेले असते. पुढचे दृश्य कठोर आहे. आणलेले सगळे अन्न थोरले खाते. धाकटे चोच वर करण्याच्या ताकदीचेही नसते. बहुधा आठवड्याभरात ते उपाशी मरते. आई त्याला वाचविण्याचा प्रयत्न करीत नाही.

मग दुसरे अंडे घालायचेच कशाला? अभ्यासकांच्या मते हा निसर्गाने उतरविलेला विमा आहे. पहिले अंडे फुटले, नासले किंवा पहिले पिल्लू जन्मतःच मेले तर हंगाम वाया जाऊ नये, एवढ्यासाठी दुसरे. पहिले ठीक असेल तर दुसऱ्याची गरज संपली.

वाचलेले पिल्लू सुमारे तीन महिन्यांनी घरटे सोडते. त्यानंतरही एक-दोन वर्षे ते मोठ्यांच्या जिवावर असते. एवढ्या मोठ्या जबाबदारीमुळे अनेक गट दरवर्षी वीण करीतच नाहीत. क्रूगर उद्यानात ॲलन केम्प आणि मेग केम्प या दांपत्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या पक्ष्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा निरीक्षणांतून जो हिशेब निघाला तो या पक्ष्याची सगळी अडचण एका ओळीत सांगतो : एक गट सरासरी नऊ वर्षांत एकच पिल्लू प्रौढ वयापर्यंत पोहोचवतो.

हा हिशेब निसर्गाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. भूधनेश दीर्घायुषी आहे. बंदिवासात तो पन्नाशी ओलांडतो. मोठ्या पक्ष्याला नैसर्गिक शत्रू थोडे. तेव्हा तीस-चाळीस वर्षांच्या संसारात तीन-चार पिले जगली तरी वंश चालत असे. ही सगळी मांडणी एका गृहीतावर उभी होती, की मोठे पक्षी सहसा मरत नाहीत. ते गृहीत माणसाने मोडले.

विष, शिसे आणि खांब

गेल्या शतकभरात दक्षिण आफ्रिकेतील या पक्ष्याचा वावर सुमारे दोन तृतीयांशाने आक्रसला आहे. त्या देशात आता दीड ते दोन हजार पक्षी असावेत असा अंदाज केला जातो, आणि त्यांतील जवळपास निम्मे क्रूगर आणि त्याला लागून असलेल्या राखीव क्षेत्रांत आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २०१० पासून या जातीची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या स्वतःच्या यादीत तर ती त्याहून गंभीर, म्हणजे 'धोक्यात आलेली' या वर्गात मोडते.

कारणे अनेक आहेत, पण सगळ्यांचे वजन सारखे नाही. माळ नांगरले गेले, अतिचराईने गवत गेले, मोठी जुनी झाडे सरपणासाठी आणि शेतीसाठी तुटली, हे तर आहेच. ढोलीएवढे खोड व्हायला झाडाला शतक लागते. ते तोडायला एक दुपार पुरते. तथापि सगळ्यांत घातक ठरते ते विष. कोल्हे किंवा बिबटे यांना मारण्यासाठी पशुपालक मेलेल्या जनावरावर विष टाकून ठेवतात. ते खायला भूधनेश येतो, आणि एकटा येत नाही, कुटुंब येते. संध्याकाळपर्यंत १०० चौरस किलोमीटरमधला अख्खा गट नाहीसा झालेला असतो. शिशाचे विष अधिक गुपचूप काम करते. शिकाऱ्याच्या गोळीचे कण जनावराच्या मांसात आणि टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात. ते खाणाऱ्या पक्ष्याच्या रक्तात शिसे उतरते आणि तो हळूहळू खंगतो. त्यांत ग्रामीण भागातील विजेचे खांब आणि रोहित्रे यांची भर पडते. एवढ्या मोठ्या पंखांचा पक्षी रोहित्रावर बसला की दोन तारांना एकदम स्पर्श होऊन तो जागीच मरतो.

काचा फोडल्याबद्दल मारला जाणारा पक्षी या यादीत शेवटी येतो, पण तोही नगण्य नाही. गटातील वीण करणारी मादी अशी गेली तर तिची जागा घेणारी दुसरी मादी येईपर्यंत उरलेले नर नुसते हद्द राखीत राहतात. त्यावर उपाय निघाला आहे, आणि तो फारसा खर्चाचाही नाही. खिडकीला बाहेरून जाळी किंवा कापड लावले, काच रंगवून तिची चकाकी घालविली की प्रतिबिंब दिसत नाही आणि भांडणही होत नाही.

पावसाचा पक्षी

या साऱ्यात लोकसमजुतींची बाजू गुंतागुंतीची आहे. भूधनेश हा दक्षिण आफ्रिकेतील अनेक समाजांत पावसाचा पक्षी मानला जातो. तो घुमू लागला की पाऊस येतो असा विश्वास आहे, आणि त्याचा घुमण्याचा काळ पावसाळ्याच्या तोंडी येत असल्याने तो पुष्कळदा खराही ठरतो. कठीण अवर्षणात एक विधी करीत असत. पक्षी मारून, त्याला दगड बांधून नदीच्या डोहात बुडवायचे. त्याच्या दुर्गंधीने नदी आजारी पडते आणि तिला धुऊन काढण्यासाठी आकाशाला पाऊस पाडावाच लागतो, अशी त्यामागची कल्पना. बेडकाला बांधून धोंडी काढणाऱ्या आपल्या खेड्यांतील लोकांना ही विचारपद्धती परकी वाटणार नाही.

पण त्याच समाजांत दुसरी समजूतही आहे. हा पक्षी उगाच मारला तर घरावर संकट येते. त्याने छपरावर बसणेही अशुभ. या भीतीनेच पिढ्यान्‌पिढ्या भूधनेशाला संरक्षण दिले. विधीसाठी एखादा पक्षी क्वचित जाई, पण बंधनामुळे शेकडो वाचत. आता शहरांत गेलेल्या आणि परतलेल्या पिढीत हे बंधन सैल झाले आहे, तर औषधांच्या बाजारात पक्ष्याच्या अवयवांची मागणी मात्र टिकून आहे. रूढीतील निषेध गेला आणि व्यापार उरला, अशी ही विचित्र वाटणी आहे. म्हणूनच संवर्धनाचे काम करणारे लोक या समजुतींना अंधश्रद्धा म्हणून झिडकारत नाहीत. गावातील वृद्धांना आणि वैदूंना बरोबर घेऊन जुन्या निषेधाची आठवण जागी ठेवणे अधिक उपयोगी पडते, असा त्यांचा अनुभव आहे.

वाया जाणाऱ्या पिलाचा उपयोग

दुसरे पिल्लू मरणारच असेल तर ते घरट्यातून उचलून माणसाने वाढवले तर? हा प्रश्न विचारून १९९९ मध्ये लिंपोपो प्रांतातील माबुला अभयारण्यात ॲन टर्नर यांनी भूधनेश प्रकल्पाची सुरुवात केली. कल्पना सोपी होती. जंगलातील घरट्यांवर लक्ष ठेवायचे, दुसरे पिल्लू बाहेर येताच, उपासमार सुरू होण्यापूर्वी, ते काढून घ्यायचे. मूळ कुटुंबाचे काही जात नाही, कारण त्यांचे थोरले पिल्लू घरट्यातच असते. आणि जो जीव आठवड्याभरात मेला असता तो वाचतो. ज्या भागांतून हा पक्षी नाहीसा झाला आहे तेथे अशा पक्ष्यांचे नवे गट वसवायचे.

पिल्लू वाढविणे जमले. अवघड ठरले ते नंतरचे. माणसाच्या हातून वाढलेला भूधनेश दिसायला भूधनेशच असतो, पण त्याला भूधनेशाचे जगणे येत नाही. कोणत्या सापाला कसे भिडायचे, रात्री कोठे बसायचे, गटात कोणाचा मान राखायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. माणसाचा लळा लागलेला पक्षी वस्त्यांकडे जातो, आणि वस्तीत काचा असतात. त्यामुळे पुढे पद्धत बदलली. पिलांना माणसाचा सहवास शक्य तितका कमी द्यायचा आणि लवकरात लवकर त्यांना अनुभवी मोठ्या पक्ष्यांच्या ताब्यात सोपवायचे. या व्यवस्थेला तेथे 'रानशाळा' अशा अर्थाचे नाव आहे. गुरू एखादा जाणता भूधनेश आणि शिष्य एक-दोन तरुण. गट पुरता बसेपर्यंत त्याला स्वतंत्र जीवनाची परीक्षा देऊ देत नाहीत.

घरट्यांच्या टंचाईवर वेगळा प्रयोग झाला. क्रूगरच्या पश्चिमेला लागून असलेल्या खासगी राखीव रानांत केप टाउन विद्यापीठाच्या पर्सी फिट्झपॅट्रिक संस्थेच्या अभ्यासकांनी सन २००० पासून झाडांवर कृत्रिम घरटी बांधली. ज्या गटांना ढोली नव्हती त्यांनी ती बिनतक्रार स्वीकारली आणि वीण वाढली. मोठे झाड उगवण्याची वाट न पाहता करता येण्याजोगा हा एक उपाय. लाकडी पोकळ ओंडक्यांपासून सुरुवात करून आता आतील उष्णता कमी राहील अशा बनावटीच्या घरट्यांकडे लक्ष दिले जात आहे, कारण तापलेल्या घरट्यात अंडी आणि पिले दोन्ही धोक्यात येतात.

या कामाचा वेग पक्ष्याच्याच वेगाने ठरतो. या हंगामात एखाद्या घरट्यातून उचललेले दोन-तीन दिवसांचे, डोळेही न उघडलेले धाकटे पिल्लू तीन महिन्यांनी उडू लागेल. त्यानंतर ते रानशाळेत जाईल. त्याचा गळा पुरता तांबडा व्हायला आणखी चार-पाच वर्षे जातील. पुढे मदतनीस म्हणून त्याची उमेदवारी सुरू होईल, आणि गटात जागा रिकामी झाली तर, कधीतरी, त्याची स्वतःची जोडी जमेल. त्या जोडीच्या घरट्यातही बहुधा दोनच अंडी असतील, आणि दुसऱ्या पिलाला उचलायला कोणीतरी शिडी घेऊन वेळेवर यावे लागेल.